हरणीच्या हँगरमधला वैशाख

खिशातला मोबाइल बाहेर ठेवा. किल्ल्या, सुटे पैसे, पेनाचं टोपण, सगळं काढा. आपण जिथे जाणार आहोत तिथे खिशातून पडलेलं पाच पैशांचं नाणंसुद्धा कंट्रोलची तार आणि तिची कप्पी यांच्या मधे जाऊन बसू शकतं, आणि मग ते सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. सदरा जुना घाला. त्यावर ग्रीस सांडेल, रंग उडेल, जवसाचं तेल लागेल. घरी कोणी रागावेल ही काळजी नको. परत याल तेव्हा त्या डागांना पन्नासहून जास्त वर्षं झालेली असतील.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. ज्या विमानापाशी आपण चाललोय ते आणि त्याच्याभोवतीची माणसं मी कल्पनेने उभी केली आहेत. गाव खरं आहे, विमानाची जात खरी आहे, काम खरं आहे. त्या कामामागची काळजी तर पूर्ण खरी आहे.

मिटा डोळे. आता उघडा.

दांडिया बाजार, बडोदा. सत्तरचं दशक नुकतंच लागलंय, वैशाख आहे, सकाळचे सहा वाजलेत आणि तरी वाड्याच्या दगडी पायरीत कालची ऊब शिल्लक आहे. आत कुठेतरी पोह्यांना फोडणी बसली आहे. माजघरातून मराठी ऐकू येतंय, रस्त्यावरून गुजराती, आणि दोन्हींच्या मधे उभा असलेला दूधवाला दोन्ही भाषांत उधारी सांगतोय. गायकवाडांबरोबर आलेल्या मराठी घरांना या शहरात दोनशेहून जास्त वर्षं झाली. आता कोण कुणाची भाषा बोलतोय हे कोणी मोजत नाही. भिंतीला टेकलेली ती काळी सायकल तुमची. हँडलला चार पुडांचा डबा अडकवलाय. निघा.

सूरसागरच्या काठाने जाताना पाण्याच्या मध्ये शंकराची उंच मूर्ती शोधू नका, ती अजून उभी राहायची आहे. आत्ता तिथे नुसतं शेवाळी पाणी आणि त्यावरून येणारा ओला वास. न्यायमंदिरापासून लेहरीपुरा दरवाज्यात शिरा. इथे ब्रेक तपासून घ्या, कारण पुढे हातगाड्या, टांगे, टोपलीत केसर आंबे घेऊन बसलेल्या बायका आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी एक गाय, असा सगळा सरंजाम आहे. फाफड्याच्या कढईतून बेसनाचा आणि ओव्याचा धूर अंगावर येतो. मांडवीला वळसा घालून चांपानेर दरवाजा, मग फतेपुरा. घरं विरळ होतात. कडुलिंबाची सावली संपते, ऊन पाठीवर बसतं आणि धुळीचा रस्ता हरणीकडे लागतो.

हरणीच्या मारुतीला चालत्या सायकलवरून एक हात जोडा. इथले सगळे तसंच करतात.

विमानतळ म्हणून डोळ्यांसमोर जे येतं ते विसरा. कुंपणाला भोकं आहेत आणि त्यातून शेळ्या ये-जा करतात. एक जण काठी घेऊन धावपट्टीवरून त्यांना हाकलण्याच्या कामावरच आहे. एका बाजूला गुजरात फ्लाइंग क्लबाचं पत्र्याचं हँगर. दार लोटलंत की पहिल्यांदा नाकात शिरतो तो डोपचा, विमानाला लावायच्या लेपाचा, वास: गोड, तीव्र, पिकलेल्या केळ्यांचा आणि नेलपॉलिशचा एकत्र, डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा. त्याच्या खाली लालसर विमान-पेट्रोलचा, आणि सर्वांत खाली कबुतरांचा. पत्रा अजून तापायचा आहे. अकरा वाजता तो कडकड वाजायला लागेल, दुपारी बाहेर ४२ अंश झाले की आत उभं राहणं म्हणजे परीक्षाच.

इथे मी तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणतेय ते म्हणतेय. हँगरमध्ये तुम्ही नवे हेल्पर आहात आणि सगळे तुम्हाला ‘अरे’ म्हणणार.

“अरे, डबा तिकडे खिडकीत ठेव. पंखाखाली काही ठेवायचं नाही.”

हे मिस्त्रीकाका. खाकी अर्धी चड्डी, वरच्या खिशात छोटा आरसा, कानामागे पेन्सिल. कलाभवनात लोहारकाम आणि फिटिंग शिकले. हो, तेच कलाभवन, जे सयाजीरावांनी १८९०मध्ये सुरू केलं आणि जिथे दादासाहेब फाळके सिनेमाच्या फार आधी चित्रकला नि फोटोग्राफी शिकले. युद्धाच्या काळात काका बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये गेले. अमेरिकनांची मोडकी विमानं तिथे दुरुस्तीला येत, त्यांवर हात बसला. मग मुंबईला जुहूच्या फ्लाइंग क्लबात टायगर मॉथ. आणि आता पुन्हा घरी. युद्धात बडोदा संस्थानाच्या देणगीमुळे ब्रिटिश हवाईदलाच्या १२४ नंबरच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव मिळालं होतं, हे ते प्रत्येक नव्या पोराला एकदा सांगतात. तुम्हालाही सांगतील. मान डोलवा, अभिमान वाटलाच पाहिजे.

आणि हे विमान. पुष्पक.

हात लावून पाहा. पत्रा नाही, कापड आहे. बोटाने टिचकी मारलीत की घुमतं. रिकामं असताना सारं विमान चारशे किलोच्या आसपास, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत अकरा मीटर, आत शेजारी शेजारी दोन माणसांची जागा, पुढे ९० अश्वशक्तीचं इंजिन. पंख डोक्यावर, एक छोटं चाक शेपटीखाली, त्यामुळे उभं असताना नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीकडे. ही शेपूट लक्षात ठेवा. आजचा दिवस तिचा आहे.

“आपल्या घाटग्यांनी काढलेलं विमान आहे,” काका म्हणतात. विष्णू माधव घाटगे, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट करून आलेले. आपलं पहिलं शिकाऊ विमान एचटी-२ त्यांचं, आणि १९५८मध्ये पहिल्यांदा उडालेलं पुष्पकही त्यांचंच. अशी दीडशेच्या वर पुष्पकं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. या देशात कित्येक वैमानिकांचे पाय जमिनीवरून पहिल्यांदा सुटले ते यात. मोठी नावं पुढे दुसऱ्या विमानांना मिळाली. माझ्या मते मोठं काम यानं केलं.

आज त्याची वार्षिक तपासणी. सी ऑफ ए, म्हणजे उडायला लायक असल्याचा दाखला, संपत आलाय. नवा मिळवायचा तर विमान उघडायचं, सांध्यासांध्यात पाहायचं, लॉगबुकात लिहायचं, परवानाधारक इंजिनिअरने सही करायची, मग सरकारच्या नागरी विमान खात्याचा, डीजीसीएचा, इन्स्पेक्टर येऊन पाहणार. इंजिनिअरसाहेब तिकडे टेबलाशी बसलेत, जाड चष्मा, पुढ्यात लॉगबुकांची चळत. क्लबच्या सेक्रेटरींना वाटतंय आठवड्यात काम उरकेल. बाहेर बाकावर एक विद्यार्थी बसलाय, त्याचं पहिलं एकट्याचं उड्डाण या विमानासाठी अडलंय. तो रोज येतो, चहा पितो, विमानाकडे बघतो आणि जातो.

सुरुवात सोपी आहे. इंजिनावरचं झाकण काढा, बोल्ट त्या ताटलीत, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. स्पार्क प्लग काढा, त्यांच्या टोकांचा रंग काकांना दाखवा. हवेचा वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलंय. सुईने हळूच मोकळं करा. मोठी बारीक गोष्ट आहे ही. ते घर राहिलं तर वर गेल्यावर वेगाचा काटा खोटं बोलेल. पंखाच्या टोकाकडच्या झाकणातून चिंध्या आणि भाताची तुसं बाहेर येतात. उंदीर. त्याचं मूत धातू खातं, म्हणून तिथे साबणाचं पाणी, कोरडं फडकं, मग आरसा. काका एका डोळ्याने आरशात, एका डोळ्याने तुमच्यावर.

चहा येतो. गवती चहाची पात आणि पुदिना घातलेला, बशीत ओतलेला. उभ्यानेच प्या. पत्रा वाजायला लागलाय.

“अरे, तू बारीक आहेस. शेपटीत जा.”

हेच ते. सीटची पाठ काढलेली आहे, मागे अंधार आहे. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर एक अरुंद फळी आडवी सरकवली आहे. भार फळीवर द्यायचा, कापडावर चुकूनही नाही. कोपर टेकाल तर कापडातून थेट बाहेर याल. पोटावर सरका. आत बाहेरच्यापेक्षा जास्त गरम आहे. कापडातून गाळून आलेला उजेड पिवळट, हवा जागची हलत नाही, घाम भुवईवरून डोळ्यात. दोन्ही बाजूंनी कंट्रोलच्या तारा तुमच्या कानांना लागून जातात. कोणीतरी बाहेरून सुकाणू हलवून बघतं आणि तार तुमच्या गालाजवळून सळकन सरकते. दचकू नका. बॅटरी दातात धरा, हात मोकळे ठेवा.

“खालची नळी. बोटाने चाचपत शेवटपर्यंत जा. डोळ्यांवर विश्वास नको, बोटं ठेव.”

बोटं ठेवा. गुळगुळीत रंग, गुळगुळीत, गुळगुळीत, एक सांधा, वेल्डिंगची सारखी लाट, पुन्हा गुळगुळीत. आणि मग, जवळजवळ शेपटीच्या चाकापाशी, नळी जाड होते.

परत मागे या. पुन्हा पुढे. हो, जाड होते. चार बोटांच्या रुंदीइतका फुगवटा, दोन्ही बाजूंना कडा. त्यावर रंग आहे, पण हा रंग वेगळा, ब्रशने फासलेला. आणि त्या कडेच्या पलीकडे रंगाखाली बारीक फोड आलेत. नखाने दाबलंत की एक फुटतो आणि बोटाला तांबूस पूड लागते.

“काका, इथे काहीतरी आहे.”

ओरडायची गरज नव्हती. तुमच्या आवाजावरून त्यांना कळलं. बाहेर बोलणं थांबलंय, फक्त टेबलफॅनची घरघर चालू आहे.

तुम्हाला पाय धरून बाहेर ओढलं जातं. पोटाखालचं तपासणीचं झाकण निघतं, काका उताणे झोपून खालून शिरतात. आरसा, बॅटरी. मग अणकुचीदार पंच आणि छोटी हातोडी. टक, टक, टक. चांगल्या नळीवर आवाज खणखणीत येतो, ते ऐका. टक, टक. आणि मग टक नाहीच, नुसता एक बसका ‘थप्’. पंच आत गेलाय. एक मिलिमीटरहून पातळ भिंतीची ती नळी आतून गंजून कागद झाली होती आणि बाहेरून रंगाने झाकलेली होती.

असं का होतं, ते बाकावरच्या विद्यार्थ्याला काकाच सांगतात, त्याला जवळ बोलावून. विमान शेपूट टेकून उभं राहतं. आपला पावसाळा तीन-चार महिन्यांचा. पाणी कुठूनही शिरलं, दारातून, काचेच्या कडेने, तरी ते उताराने शेपटीकडेच येणार. खाली निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. ती धुळीने किंवा कुंभारमाशीने बुजली की पाणी तिथेच थांबणार. कापड नळीला चिकटवलेलं असतं, ओलं कापड नळीला ओलंच धरून ठेवतं. वर्षातून एकदा कोणी बोट फिरवलं नाही तर कोणाला कळणार? आणि तुझ्यासारखा नवा पोरगा उतरताना जो दणका देतो, तो शेपटीच्या चाकातून पहिल्यांदा याच नळीत जातो.

विद्यार्थी काही बोलत नाही. ती नळी बघतो.

पण गंज हे अर्धंच. त्या फुगवट्याचं काय? ती दुरुस्ती आहे. कधीतरी, कुठेतरी, या नळीला इजा झाली आणि कोणीतरी तिच्यावर दुसऱ्या नळीचा तुकडा चढवून दोन्ही टोकांना वेल्डिंग केलं. दुरुस्ती करणं हा दोष नाही. विमानं दुरुस्तीवरच जगतात. पण या तुकड्याची टोकं सरळ कापली आहेत. काका कानामागची पेन्सिल काढून तुमच्या तळहातावर आकृती काढतात. वेल्डिंगच्या ज्वाळेने लगतचं पोलाद नरम पडतं. टोक सरळ गोल असेल तर नळीभोवती नरम पोलादाचं पूर्ण कडं तयार होतं, आणि मोडायची वेळ आली की नळी त्याच कड्यावर मोडते. म्हणून तुकड्याचं टोक तिरकं कापायचं, किंवा माशाच्या उघड्या जबड्यासारखं. मग वेल्डिंगची रेघ नळीच्या लांबीवर पसरते आणि कुठल्याही एका जागी पूर्ण वेढा पडत नाही. इथे तो वेढा पडलाय. आणि भिंगातून पाहिलंत तर त्याच्या कडेला केसाएवढी एक रेघ सुरू झालेली दिसते.

आता पाहा, इंजिनिअरसाहेब काय करतात. ते आवाज चढवत नाहीत. उठून लॉगबुकं घेतात, सगळी, पहिल्या पानापासूनची. हे विमान इथे येण्याआधी दुसरीकडे होतं, त्या वर्षांचीही. तुम्हाला शेजारी बसवून घेतात, कारण तरुण डोळे लागतात. पान पान वाचा. वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळ्या शाया, घामाचे आणि तेलाचे ठसे. टायर बदलला, लिहिलंय. मॅग्नेटोची तपासणी, लिहिलंय. पंखाच्या कापडाला दोन इंचांचं ठिगळ, लिहिलंय. दोन इंचांचं ठिगळ लिहिणाऱ्या माणसांच्या वहीत शेपटीची नळी सांधल्याची एक ओळ नाही. दुपारचे दोन वाजतात. पोळ्या डब्यात तशाच वाळतात. एक ओळ नाही.

मला या माणसाचा राग येतो, ज्याने ते लिहिलं नाही. सांधा कच्चा होता म्हणून नव्हे. त्या दिवशी त्याच्याकडे तेवढंच सामान असेल, पाऊस असेल, विमान अडून पडलं असेल. पण एक ओळ लिहिली असती तर पुढच्या प्रत्येक वर्षी कोणीतरी बरोबर त्या जागी बोट ठेवलं असतं. न लिहून त्याने आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ पोराला त्या सांध्यावर बसवलं.

सेक्रेटरी येतात. आठवड्याचं काम आता किती दिवसांचं, विचारतात. “कापड काढल्याशिवाय सांगता येणार नाही,” साहेब म्हणतात. सेक्रेटरी टोपीने वारा घेत उभे राहतात, विद्यार्थ्यांची यादी त्यांच्या हातात आहे. मग मान हलवतात. “काढा.”

ब्लेड तुमच्या हातात दिलंय. काका रेघ मारून देतील, त्या रेघेवरून जा. डोपने ताणलेलं कापड कापताना जो आवाज येतो तो कोरडा, लांब, एका दमाचा. फाटलेल्या कापडातून आत कोंडलेली हवा बाहेर येते आणि तिला जुन्या पावसाळ्याचा वास आहे: माती, गंज, कुजकं कापड. सांगाडा उघडा पडतो. उजेडात सगळंच दिसतं. त्या नळीच्या शेजारच्या आडव्या नळीवरही फोड आहेत. निचऱ्याच्या भोकात मातीचा गोळा बसलाय. जे हाती लागेल ते काका खडूने खूण करत जातात आणि साहेब लिहीत जातात. विमान उघडलं की अंदाज मोडतात, हे त्या दोघांना माहीत आहे. म्हणून ते कोणाला तारीख सांगत नाहीत.

पुढचे दिवस मी तुम्हाला पटकन ओलांडून नेते, कारण ते वाट पाहण्याचे आहेत. नळी बाजारातून आणता येत नाही. ठरलेल्या जातीचं पोलाद हवं आणि त्याच्यासोबत ते तेच असल्याचं कागदपत्र हवं; कागद नसलेली नळी कितीही चकचकीत असली तरी कुंपणालाच लावायची. दुरुस्ती कशी करणार याची आकृती पाठवा, मंजुरी येऊ द्या, बंगळूरहून पार्सल निघू द्या, स्टेशनवर रोज जाऊन विचारा. तोवर मधल्या वेळी रस्त्याकडेला सेव-उसळ खा. तिखट तर्रीवर मूठभर शेव, वर हिरव्या पातीचा कांदा, वर लिंबू, आणि त्या उन्हात ती खाताना डोक्यातून घाम निथळेल. खा तरीही. दुपारी आकाश पांढरं असतं. पण संध्याकाळी नैर्ऋत्येला ढगाची एक रेघ दिसू लागलीय, आणि ती पाहून हँगरमध्ये कोणाला आनंद होत नाही.

पार्सल आलं. उद्या पहाटे वेल्डिंग.

वेल्डिंगच्या दिवशी हँगरमध्ये पंखा बंद. दार बंद. खिडक्यांना पोती. तापलेल्या सांध्यावर वाऱ्याची झुळूक आली तर पोलाद एका बाजूने लवकर थंड होतं, आखडतं, तडकू शकतं. म्हणून पहाटे पाचला सुरुवात, तरी पावणेसहाला तुमचा सदरा पाठीला चिकटलेला असेल. सांगाडा लोखंडी चौकटीत पक्का आवळलाय. नळी कापली की शेपूट वाकडी होऊ नये. जुना तुकडा, गंजकी नळी, सगळं करवतीने निघालंय. नवी नळी बसलीय, तिच्यावर बाहेरून चढवलेला तुकडा, टोकं माशाच्या जबड्याची. काकांनी ती कानशीने दोन दिवस घासून बेतली आहेत.

ॲसिटिलिनचा लसणासारखा वास. काडी. फट्! पिवळी, काजळी उडवणारी ज्वाळा. मग ऑक्सिजन सोडला की ती आखडते, निळी होते, सळसळते. हिरवा चष्मा लावा. पोलाद लाल, नारिंगी, मग ओलं दिसू लागतं, आणि काकांच्या डाव्या हातातली तार त्या ओलाव्यात बुडते, उठते, बुडते. एका हाताची लय दुसऱ्याला माहीत आहे. तुमचं काम चौकट धरून उभं राहणं. मान खाजेल, नाकावरून थेंब गळेल, हलू नका. शेजारच्या सांध्याला ओलं फडकं गुंडाळलंय, त्यातून वाफ निघतेय. काका थोडं एका बाजूला जोडतात, मग उलट बाजूला, म्हणजे ओढ सारखी बसेल. सगळं संपल्यावर ते ज्वाळा लगेच काढून घेत नाहीत, सांध्यावरून लांब लांब फिरवत राहतात, पोलादाला सावकाश शांत होऊ देतात. कोणी बोलत नाही. पंखा अजून बंदच. अर्धा तास त्या भट्टीत सगळे उभे, इंजिनिअरसाहेबसुद्धा, कोटाची बटणं लावून.

मग जवसाचं तेल. नळीला बारीक भोक पाडून गरम तेल आत ओतायचं, सांगाडा उलटासुलटा करायचा, म्हणजे आतल्या प्रत्येक बाजूला ते लागेल. मग निथळू द्यायचं आणि भोक बंद. आत राहिलेला पातळ थर पुढची कित्येक वर्षं गंजाला अडवणार. हँगरभर खमंग वास सुटतो आणि दुपारी जेवताना जो तो जवसाच्या चटणीची आठवण काढतो.

कापड चढतं. लांब सुई, मेण लावलेला दोरा. घट्ट ओढा, गाठ तपासून घ्या, पुढची. बोटांना चीर पडते, मेणाने ती भरते. त्यावर डोप. पहिला हात कापडात मुरतो आणि सैल कापड सुकता सुकता स्वतःहून ताणलं जातं. तुमच्या डोळ्यांदेखत सुरकुत्या जातात. दुसरा हात, तिसरा. मग ॲल्युमिनियमची पूड घातलेला रुपेरी हात, उन्हाने कापड जळू नये म्हणून. डोकं जड होईल, दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन श्वास घ्या. विडीवाल्यांना आज हँगरच्या आसपासही जागा नाही. आणि घाई खरी आहे. हवेत दमटपणा आला की डोप सुकताना पांढरं पडतं, कमकुवत राहतं. पहिल्या पावसाआधी शेवटचा हात वाळायला हवा. काका दर तासाला बाहेर येऊन नैर्ऋत्येकडे बघतात.

वाळला.

साहेब लॉगबुक उघडतात. फाउंटन पेन. आधी ते नव्या दुरुस्तीचं लिहीत नाहीत. आधी लिहितात की अमुक नळीवर नोंद नसलेली जुनी दुरुस्ती आढळली, तिची टोकं कशी होती, तडा कुठे होता, गंज किती लांब होता. मग काय कापलं, काय बसवलं, कुठल्या कागदपत्राची नळी, कोणी वेल्डिंग केलं. परवान्याचा क्रमांक, सही, तारीख. शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवतात. सगळ्यांना वाचू देतात. त्या बाकावरच्या विद्यार्थ्यालासुद्धा.

इन्स्पेक्टर येऊन गेलेत. चाचणीचं उड्डाण आज सकाळी. इन्स्ट्रक्टर डाव्या सीटवर बसलेत आणि उजव्या सीटवर काका चढताहेत. स्वतः जोडलेल्या शेपटीवर पहिल्यांदा स्वतःच बसायचं, ही त्यांची पद्धत.

तुम्ही मागे जा. शेपटीवर दोन्ही हातांनी भार द्या. या विमानाला स्टार्टर नाही, नाकावरचा पंखा हातानेच फिरवायचा. “स्विच ऑफ!” “ऑफ!” दोनदा रिकामा फिरतो. “कॉन्टॅक्ट!” “कॉन्टॅक्ट!” एक झटका, एक खोकला, निळा धूर, आणि मग सगळं हँगर थरथरायला लागतं. थ्रॉटल वाढलं. वाळू, वाळकं गवत, गरम पेट्रोलचा श्वास, सगळं तोंडावर. डोळे मिटू नका. हाताखाली शेपूट उसळतेय, तुम्हाला उचलू पाहतेय, आणि त्या नव्या कापडाखाली, नेमक्या तुमच्या उजव्या तळव्याखाली तो सांधा आहे. पूर्ण ताकद. दात वाजताहेत. “सोड!”

सोडलंत. धावपट्टीवरच्या शेळ्या आधीच पळाल्यात. शेपूट उचलली, चाकं सुटली, आणि पुष्पक विश्वामित्री नदीच्या दिशेने वळत उंच होत गेलं. विद्यार्थी उन्हात हात आडवा धरून बघतोय. वीस मिनिटांनी ते परत आलं. पहिला टेका सुरेख. मग इन्स्ट्रक्टरनी पुन्हा उडवून, फिरून येऊन, मुद्दाम जरा दणक्यात उतरवलं. काकांनीच सांगितलं असणार. थांबल्या थांबल्या ते खाली उतरून, टोपीसुद्धा न काढता, शेपटीखाली झोपले, झाकण उघडलं, आरसा आत घातला. आणि बोट.

“ठीक आहे,” आतून आवाज आला.

विद्यार्थ्याने लगेच हेल्मेटचे कानपट्टे बांधायला घेतले. त्याला निदान इन्स्ट्रक्टर खाली उतरेपर्यंत थांबायला सांगा.

आणि तुम्ही घड्याळ कसलं बघताय? ढग डोक्यावर आलेत आणि दुसऱ्या पुष्पकचा दाखलाही याच महिन्यात संपतोय. तिकडे ढकला ते, दोघे पंखाच्या दांड्यांना, एक शेपटीला. सीटची पाठ काढा. ती अरुंद फळी भिंतीशी उभी आहे. या विमानाच्या लॉगबुकात तर शेपटीची एक दुरुस्ती नीट लिहिलेली आहे, सहा वर्षांपूर्वीची, आकृतीसकट; पहिल्यांदा तिथेच बोट ठेवा.